सूप तसंच राहिलं

"काही चुकलं का?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. आठ-दहा खुर्च्यांचं नूडल्सचं दुकान, काउंटरच्या पलीकडे उकळती पातेली आणि त्यांच्या वाफेत अर्धेमुर्धे दिसणारे एक वयस्कर गृहस्थ. माझ्या वाडग्यातल्या नूडल्स संपल्या होत्या, अंडं संपलं होतं, कांद्याची पात वेचून वेचून खाऊन झाली होती आणि सूप मात्र जवळजवळ सगळं तसंच होतं. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून शेवटचा थेंब ओरपत होता. त्याने वाडगा खाली ठेवला तेव्हा तळाशी रंगवलेला एक निळा मासा दिसला. माझ्याही वाडग्याच्या तळाशी तो असणार. त्या गृहस्थांनी माझा वाडगा उचलला, आधी सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काही चुकलं का?" मी घाईघाईने म्हटलं, "छे छे, मस्त होतं. पोट भरलं." ते काही बोलले नाहीत. मागे वळले आणि सूप बेसिनमध्ये ओतल्याचा आवाज आला. वाडगाभर गरम पाणी पडायला लागतो तेवढाच वेळ, पण मला तो बराच लांबला असं वाटलं.

या गोष्टीला आता दोन-तीन महिने झाले. एवढ्याशा प्रसंगाने खरं तर काही बिघडलं नव्हतं. तरी तो सल राहिला. खोटं बोलल्याचा म्हणावा, तर पोट भरलं म्हणून सांगणं हे काही मोठं पाप नव्हे. सलत होतं ते वेगळंच. पहाटे उठून कुणीतरी ते पातेलं चढवलं होतं, दर अर्ध्या तासाने वरचा फेस काढला होता, आणि नूडल सुपाच्या वाडग्यात खरा जीव ओतलेला असतो तो त्या सुपातच. सूप हा राजा, नूडल्स ही त्याची पालखी. मी पालखी घेतली आणि राजाला दारातच सोडून आले. आणि "मला किडनीचा आजार आहे, मला हे चालत नाही" हे एक वाक्य मला बोलता आलं नाही. ते बोललं की समोरच्याचा चेहरा बदलतो. घरात आजारी माणूस झोपलेलं असताना आवाज खाली येतो ना, तसा तो चेहराच खाली येतो. मग त्या जागेवर आपण गिऱ्हाईक राहत नाही, पेशंट होतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी एक तास तरी मला पेशंट व्हायचं नव्हतं.

आमच्या घरात हा आजार आईकडून आला. दादाला तिचं नाक मिळालं, मला तिचे दाट केस, आणि दोघांनाही किडनीतल्या पाण्याच्या गाठी. दर मुलामागे छापा-काटा, निम्मी निम्मी शक्यता, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आमच्या दोघांच्याही वेळी नाणं एकाच बाजूला पडलं. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याच्या किडन्यांनी काम थांबवलंय, आठवड्यातून तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत असतो. माझा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, गेल्या तपासणीत ३४ आला. म्हणजे मी तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात, ३० च्या खाली घसरले की चौथ्यात. आजार एक, नाव एक, पण आमचे नियम जुळत नाहीत. मला डॉक्टर म्हणतात, पाणी पीत राहा. दादाला चहाचा कपसुद्धा मोजून. मला प्रथिनं जपून, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास. त्याला उलट जास्त, कारण डायलिसिसमध्ये ती वाहून जातात. म्हणून आम्ही एकत्र नूडल्स खायला बसतो तेव्हा काही न बोलता वाटणी होते. माझ्या वाडग्यातलं उरलेलं अर्धं अंडं, चिकनचे तुकडे त्याच्याकडे जातात, तो जेवणातला फॉस्फरस रक्तात जाण्याआधी पोटातच बांधून ठेवणारी त्याची गोळी पहिल्या घासाबरोबर घेतो, आणि सूप दोघांच्याही वाडग्यात निवत राहतं. इंटरनेटवर 'किडनीच्या रुग्णांनी काय खावं' असं एका यादीत सांगणारे लोक पाहिले की मला दादाची आणि माझी जोडी त्यांच्यासमोर नेऊन बसवावीशी वाटते.

मिठाचा हिशेब मात्र दोघांचा सारखाच. दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत टेबलावर तो चमचा भरून ठेवला होता. मला तो भरपूर वाटला. एवढं मीठ कोण खातं, असं मी म्हणालेसुद्धा. त्या फक्त हसल्या आणि म्हणाल्या, "घरी जाऊन पाकिटं वाचा." त्याच रात्री मी कपाटातलं नूडल्सचं पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरात सोडियम ८२० मिलिग्रॅम. बरं आहे की, म्हटलं. मग त्याच ओळीच्या वर आणखी बारीक अक्षरात दिसलं: अर्ध्या पाकिटासाठी. अर्धी वडी खाऊन उरलेली अर्धी डब्यात ठेवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. म्हणजे १,६४०. एका संध्याकाळी, दहा मिनिटांत, टीव्हीसमोर, चमच्यातलं चार-पंचमांश मीठ संपलं. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ मिळतं, हे गणित आता मला झोपेतही येतं. मसाल्याची पुडी मी वजनकाट्यावर ओतली. भुरकट-पिवळा ढीग, त्यात चमकणारे कण, वर सुक्या पातीचे हिरवे ठिपके. बोट लावून चाटलं आणि तोंडाला असं पाणी सुटलं की स्वतःचाच राग आला.

त्या पुडीचं काय करायचं, यावर मी पुढे बरेच प्रयोग केले. अर्धी टाकली. मग पाव टाकली. मग नूडल्स एका पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायला लागले, कारण मीठ काही फक्त पुडीत नसतं, ते वडीच्या पिठातही मळलेलं असतं आणि उकळताना त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. सूप प्यायचं नाही, हे तर झालंच. पण सूप सोडलं म्हणजे आपण सुटलो, असंही नसतं. नूडल्स सुपातूनच वर येतात. प्रत्येक धाग्याला ते चिकटलेलं असतं, पीठ ते पितही असतं. जितका वेळ बसून गप्पा मारत खाल तितक्या नूडल्स फुगतात आणि सूप तुमच्या नकळत तुमच्या पोटात जातं. म्हणून मी हल्ली नूडल्स वर उचलून क्षणभर धरते, निथळू देते. चॉपस्टिक्समधून थेंब पडत राहतात. बघणाऱ्याला वाटत असेल, बाई फार चवीने खातेय.

दादाच्या शनिवारची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार हे आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर, आणि नेमकं तेच त्याला सुट्टीसारखं वाटतं. एका शनिवारी संध्याकाळी तो जुन्या मित्रांबरोबर गेला आणि वाडगाभर नूडल्स खाल्ल्या. खाल्ल्या आणि प्यायल्या. मला फोनवर म्हणाला, "अगं, एक दिवस. साडेतीनशे मिली असेल. दिवसभर पाणीच कमी पितो मग, झालं." त्याने द्रवाचा हिशेब केला होता, मिठाचा केला नव्हता. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. शरीर आपल्या आतलं पाणीही साधारण त्याच मापाने राखतं. ८-९ ग्रॅम मीठ पोटात गेलं आणि ते बाहेर टाकणारं कुणी नसेल, तर ते एक लिटर पाणी मागून घेतं. तहान हा त्या मागणीचा आवाज. रविवारी पहाटे दादा फ्रीजसमोर उभा होता. बर्फाचा खडा तोंडात धरायचा, विरघळू द्यायचा, मग दुसरा. हे त्याला कुणीतरी शिकवलेलं. दुपारपर्यंत मोज्यांच्या इलॅस्टिकचा वळ पायावर इतका खोल उतरला होता की त्यात बोटाचं टोक बसावं. रात्री आडवं झालं की दम लागायचा, म्हणून उशा रचून तो बसूनच झोपला. वहिनीने मला मध्यरात्री फोन केला, आपत्कालीन विभागात न्यायचं का विचारायला, आणि मी "ताबडतोब" म्हटलं. त्यांनी नेलं.

तो वाडगा मशिनने परत मागून घेतला.

वजन काट्यावर साडेतीन किलोने वाढलेलं. ते सगळं पाणी चार तासांत खेचायचं म्हणजे काय असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा शेजारी बसून पाहिलं. तिसऱ्या तासाला दादाच्या पोटऱ्यांत गोळे आले. दगडासारख्या झालेल्या त्या पोटऱ्या मी आणि नर्स दोन बाजूंनी दाबत होतो, आणि तो दात आवळून छताकडे बघत होता. रक्तदाब खाली गेला तसा चेहरा मेणासारखा झाला. थोडा सावरल्यावर म्हणाला, "सूप मात्र जबरदस्त होतं हं." मी त्याला तिथेच फटका मारणार होते. खरं तर मला हसू आलं, आणि मग रडू. हा माणूस डायलिसिस सुरू होण्याआधीच्या वर्षात जेवायचाच नाही. रक्तात साचलेल्या घाणीने त्याच्या तोंडाला सतत लोखंडाची चव असायची, मांसाचा वास आला तरी उमासे यायचे. एका माणसाला चव परत मिळाली होती आणि ती त्याने एका संध्याकाळी उधळली. त्याला काय बोलणार?

माझी चूक त्याच्याहून शहाणपणाची होती, म्हणजे जास्त मूर्खपणाची. मीठ कमी करायचं म्हणून मी एकदा सुपासाठी 'लो सोडियम' लिहिलेली स्टॉकची पावडर आणली. चव बरी होती, शेवटी किंचित कडवट. सोबत तसलंच एक 'हलकं मीठ'. दोन-तीन आठवडे मी रोज संध्याकाळी खुशाल सूप करून प्यायले, वर पालक चिरून घातला, मशरूम घातले, आणि आपण किती नेमाने वागतो याचं मनातल्या मनात कौतुक केलं. मग रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ५.९. पाचच्या आत असायला हवं. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून ईसीजी काढला, रक्त पुन्हा घेतलं आणि विचारलं, "नवीन काय खाताय?" मी अभिमानाने पावडरचं नाव सांगितलं. त्यांनी डबा मागवला, चष्मा कपाळावर सरकवून मागची ओळ वाचली आणि बोट ठेवून मला दाखवली: पोटॅशियम क्लोराइड. सोडियम काढून त्याच्या जागी हे घालतात. धडधाकट माणसाला ते चालतं, एरवी फायद्याचंही असतं. ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, त्यातून रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम वाढवणारी, त्याच्या हृदयाचा ठोका मात्र ते चुकवू शकतं. आणि भाजी? भाजी उकळली की तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर भाजी उकळून पाणी टाकून द्यायचं असतं. पण सुपात ते पाणी टाकलं जात नाही. सूप म्हणजे तेच पाणी. हे इतकं उघड होतं, आणि तीन आठवडे मला दिसलं नव्हतं.

आता दुकानात मी पाकिटं वाचत उभी राहते. लोक मागून ट्रॉल्या सरकवत जातात. सोडियमचा आकडा तरी छापलेला असतो. फॉस्फरसचा बहुतेक वेळा नसतोच. तो घटकांच्या यादीत शोधावा लागतो, 'फॉस्फेट' या अक्षरांत किंवा आकड्यांच्या वेषात: ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२. धान्यात, डाळीत असतो तो फॉस्फरस शरीर अर्ध्याहून कमीच उचलतं. हा बाहेरून घातलेला जवळजवळ सगळाच रक्तात जातो, आणि मग रक्तवाहिन्या कडक होणं, हाडं ठिसूळ होणं, अंगाला खाज सुटणं हे हळूहळू मागून येतं. दादाची खाज मी पाहिलीये, पाठीवर ओरखड्यांच्या रेघा. कधी कधी ५०० आणि ५०१ दिसतात, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. रामेन या जपानी सुपातल्या नूडल्सना तो पिवळसर रंग आणि दाताखालचा तो चिवट लवचिकपणा याच क्षारांमुळे येतो. ६२१, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट किंवा अजिनोमोटो, दिसलं की लोक दचकतात. मला त्याची तेवढी भीती वाटत नाही. १९०८ साली किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या काढ्यातून जी चव वेगळी काढून तिला 'उमामी' म्हटलं, तेच हे. त्यात सोडियम साध्या मिठाच्या साधारण तिसरा हिस्सा असतं. मिठाची जागा घ्यायला चिमूटभर घातलं तर ते आपल्या बाजूचं आहे. पाकिटात मात्र ते मिठाच्या जागी नसतं, मिठाच्या वर असतं. आणि ज्या शेवाळापासून ही गोष्ट सुरू झाली ते कोम्बू मला आणि दादाला वर्ज्यच, पोटॅशियमने भरलेलं.

मिठाशिवायच्या जेवणाला मराठीत 'अळणी' म्हणतात. या शब्दात चवीबरोबर निकालही येतो. अळणी गप्पा, अळणी लेखन, अळणी माणूस. ज्यात मीठ नाही त्यात राम नाही, असं भाषेनेच ठरवून टाकलेलं. त्यातून 'मीठ' हा शब्द मुळात 'मिष्ट'वरून आला, म्हणजे गोड, रुचकर. शेजारच्या हिंदीत त्याच मुळापासून गोडाचा 'मीठा' झाला आणि आपण तो मान मिठाला दिला. आजाराच्या पहिल्या महिन्यात मला या शब्दांचा चक्क राग यायचा. जेवायला बसलं की कुणीतरी प्रेमाने विचारायचं, "अळणी लागतंय का गं?" आणि घास आणखी फिका व्हायचा. पाच-सहा आठवड्यांनी जीभ बदलते, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. मला ते धीर द्यायला बोललेलं वाटलं. पण बदलली. एक दिवस ऑफिसात कुणीतरी दिलेला वेफर तोंडात टाकला आणि समुद्राचं पाणी नाकात गेल्यासारखं झालं. त्या दिवशी आनंद झाला की वाईट वाटलं, हे अजून मला नीट सांगता येत नाही. आधीची मी जे खायची, ते आता मला खाता येणार नव्हतं, कुणी मना न करताही.

घरचं सूप आता मी असं करते. आलं आणि कांदा थेट आचेवर धरते, साल काळी पडून आतून रस फुटेपर्यंत. घरभर तो जळका-गोड वास पसरतो. वरचा कोळसा खरवडून टाकते. कोरड्या पातेल्यात एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा, चार मिरे गरम करायचे, मग पाणी, आलं-कांदा, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, चिकनचे थोडे तुकडे. पाऊण तास मंद. हाडं दिवसभर उकळण्याचा मोह मी सोडलाय, कारण जितकं जास्त उकळावं तितकं त्यांच्यातलं नको ते पाण्यात येतं. गाळून घेतलेलं ते पाणी फिकट सोनेरी असतं आणि चवीला, हो, अळणी. तांदळाच्या नूडल्स वेगळ्या पाण्यात भिजवून उकळते. त्यात मीठ जवळजवळ नसतं, फॉस्फरसही कमी. कोबीचे बारीक काप वेगळे उकळून निथळून घेते. आणि वाडगा उथळ घेते, हा माझा सगळ्यात मोठा शोध. खोल वाडग्यात तेवढंच सूप केविलवाणं दिसतं, उथळ वाडग्यात नूडल्स ऐटीत बसतात आणि चार-पाच घोटांत काम होतं. सोया सॉस शिजताना घालायचा नाही. अगदी शेवटी एक छोटा चमचा वरून फिरवायचा, ढवळायचं नाही. त्या एका चमच्यात तीनशे मिलिग्रॅम सोडियम असतं, पण ते वरच असल्यामुळे पहिल्या घोटाला थेट जिभेवर येतं आणि जीभ फसते. मग लिंबू, भाजलेल्या तिळाच्या तेलाचे तीन थेंब, कांद्याची पात. दादाला मी हे पहिल्यांदा दिलं तेव्हा तो बराच वेळ वास घेत बसला. म्हणाला, "वासाला सगळं आहे." दोन घोट प्यायला. "चवीला येऊ घातलंय." मी ती प्रशस्ती समजते.

चीनच्या वायव्येला, पीत नदीच्या काठी लाजिया नावाच्या जागी उत्खननात एक उपडा पडलेला मातीचा वाडगा सापडला होता. २००५ साली त्याची बातमी जगभर गाजली. भूकंप आणि पुरात ती वस्ती गाडली गेली होती. वाडगा उचलला तर खाली पिवळ्या, बारीक, लांब नूडल्स, साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या. मी ती बातमी तेव्हा वाचून विसरले होते. आजार कळल्यानंतर कधीतरी तिचा फोटो पुन्हा समोर आला आणि मी त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत बसले. कुणीतरी जेवायला बसत होतं किंवा जेवत होतं, आणि वाडगा उलटला. नूडल्स राहिल्या. त्यांच्याबरोबर काही पातळ असेल तर ते मातीने पिऊन टाकलं. त्या माणसाला शेवटचा घोट मिळाला होता का, हा प्रश्न कुठल्याही शास्त्रज्ञाला पडला नसेल. मला पडला.

परवा मी पुन्हा त्या दुकानात गेले. मुद्दाम दुपारी साडेतीनला, गर्दी नसताना. वाटेत वाक्य तीनदा घोकलं. ते गृहस्थ पातेल्याशी पाठमोरे उभे होते. मी बसले आणि श्वास न घेता सांगून टाकलं: मला किडनीचा आजार आहे, मीठ फार कमी चालतं, मागच्या वेळी सूप मी त्यामुळेच सोडलं, तुमचं काही चुकलं नव्हतं. चेहरा खाली येण्याची वाट बघत होते. तो आला नाही. ते उलट जरा त्रासिक आवाजात म्हणाले, "मग तेव्हाच सांगायचं ना." आणि त्यांनी मला काउंटरवर वाकायला सांगितलं. मोठ्या पातेल्यातलं सूप एका छोट्या डावात घेऊन माझ्यासमोर धरलं. "चाखा." मी चमच्याने टोकभर घेतलं. घट्ट, तेलकट, खोल, आणि त्यात मिठाचा कण नाही. मी बघतच राहिले. मग त्यांनी खालच्या फळीवरची बरणी काढली, काळसर द्रवाची. दुकानाचं सगळं मीठ तिच्यात, सोया सॉस आणि बाकी काय काय मुरवलेलं. तिला ते 'तारे' म्हणाले. रिकाम्या वाडग्यात आधी ही एक पळी जाते, मग वरून सूप. एवढी वर्षं मी समजत होते की पातेलंच खारट असतं. मीठ तर माझ्यासमोर, वाडग्याच्या तळाशी, शेवटच्या क्षणी पडत होतं, आणि ते किती पडावं हे विचारायला फक्त तोंड उघडायला हवं होतं.

"किती घालू?" त्यांनी विचारलं. मी चमचा दाखवला, पळीच्या पाव भागाएवढा. वाळवलेलं शेवाळ नको, मुरवलेलं मांस नको, अंडं अर्धंच, आणि सूप नूडल्स बुडतील त्याच्याही खाली. ते पातेलं कितीही अळणी असलं तरी हाडांनी बारा तास त्यात काय काय सोडलेलं असणार, हे मी विसरले नव्हते. वाडगा समोर आला तेव्हा नूडल्स बेटासारख्या वर आल्या होत्या आणि कडेच्या उथळ सुपातून निळ्या माशाची शेपटी दिसत होती. मी दादाला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "सूप किती?" मी लिहिलं, "चार घोट." तो लिहीत होता, थांबला, पुन्हा लिहीत होता. शेवटी फक्त एक शब्द आला: "सावकाश."

मी सावकाश खाल्लं. तिसऱ्या घोटाला ते गृहस्थ हात पुसत समोर येऊन उभे राहिले.

"कसं झालंय?"

"अळणी," मी म्हणाले.

"मागितलंत तसंच," ते म्हणाले, आणि मिऱ्याची कुपी माझ्याकडे सरकवली.